ड्रोनचं लायसन्स काढल्यावर पुढे काय?

दहावी पास, वय १८ ते ६५ आणि डीजीसीए-मान्य (म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक खात्याने मान्यता दिलेल्या) संस्थेतला आठवडाभराचा कोर्स. एवढ्यावर रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोनचं लायसन्स, मिळतं आणि ते १० वर्षं चालतं. त्यामुळे उडवता येणारी पोरं आता गावोगाव आहेत. काम मात्र धंद्यातलं कळणाऱ्यालाच मिळतं.

मी सांगली भागात फवारणी करतो. ऊस डोक्यावर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरायला कुणी राजी नसतं. पानं कापतात, औषध अंगावर येतं. २०१७ साली यवतमाळात कापूस फवारताना विषबाधेने माणसं दगावली, ते कुणी विसरलेलं नाही. ड्रोनवाला बांधावर लांब उभा असतो. एकर दहाएक मिनिटांत उरकतो आणि पाणी लागतं साधारण १० लिटर. "एवढ्याशा पाण्यात भागतंय व्हय?" हा प्रश्न ठरलेला. औषधाची एकरी मात्रा तीच असते, थेंब बारीक असतात आणि पंख्यांचा वारा ते पानांत खाली ढकलतो, हे तुम्हाला पटवून देता आलं पाहिजे. बारीक थेंब वाऱ्याबरोबर लांबही जातात, हेही लक्षात ठेवा. बांधापलीकडे द्राक्षबाग असेल तर उसातल्या टू-फोर-डी तणनाशकाचं काम मी घेत नाही, दर कितीही मिळो. त्याचा नुसता फवारा उडून आला तरी वेलीची पानं आकसतात. पुढचं भांडण कोर्समध्ये शिकवत नाहीत!

सिव्हिलचा डिप्लोमा असेल तर फवारणीकडे वळू नका, सर्वेक्षण धरा. गावठाणातल्या घरांच्या मालकीची नोंद करणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची मोजणी ड्रोननेच झाली आहे. त्यात उड्डाण थोडं. जमिनीवर कंट्रोल पॉइंट (नेमकी जागा मोजलेल्या खुणा) घेणं आणि फोटो जोडून नकाशा काढणं हेच खरं काम, म्हणून जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं तंत्र, शिका. इलेक्ट्रिकलवाल्यांना सोलर प्रकल्पात थर्मल कॅमेऱ्याने गरम पडलेली पॅनेल शोधायचं काम आहे. लग्नाच्या शूटिंगला गर्दी फार, त्याबद्दल न बोललेलं बरं. तिथेही उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर झोन, म्हणजे तिथे उडवायला परवानगी लागते का, ते बघावं लागतंच.

लगेच कर्ज काढून स्वतःचा ड्रोन घेऊ नका. पैसा बॅटऱ्या खातात: एका बॅटरीत जेमतेम एक-दोन एकर, म्हणजे चार-सहा जोड आणि चार्जिंगला जनरेटर आलाच. आधी एक हंगाम कुणाच्या तरी हाताखाली टाक्या भरा, नोजल धुवा.