परिषदेला एकटीनं रेल्वेनं निघताय? या चुका टाळा

शोधनिबंध स्वीकारल्याचा मेल आला की आपण स्लाइड्सच्या मागे लागतो आणि तिकीट राहून जातं. माझंही तसंच झालं. आयआयटी खरगपूरला परिषद, मी भुसावळची. मुंबईहून रात्री सुटणारी हावडा मेल भुसावळला येते ती पहाटे, म्हणजे तारीख बदलल्यावर. ‘१४ ला जेवून निघू’ या हिशोबानं मी १४ चंच तिकीट काढलं. १४ ला संध्याकाळी बॅग भरत होते. बाबांनी तिकीट हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अगं, ही गाडी तर आज पहाटेच गेली.” खालचा कन्फर्म बर्थ गेला, पैसेही परत मिळाले नाहीत. त्या रात्री मी खूप रडले.

म्हणून मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट काढताना आधी ठरवा, कोणत्या रात्री जेवून घराबाहेर पडायचं. भुसावळसारख्या मधल्या स्टेशनवरून काढलेल्या तिकिटावर त्याच्या पुढची तारीख हवी.

दुसरी चूक वेटिंग लिस्टची. ‘वेटिंग १२ आहे, होईल कन्फर्म’ असं मित्र सांगतात, पण आकड्याआधीची अक्षरं कोणी बघत नाही. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण वेटिंग लिस्ट असेल तर आशा बरी. मधल्या स्टेशनवरून काढलेल्या तिकिटाला बरेचदा आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे छोट्या कोट्याचं वेटिंग लागतं, आणि ते हलता हलत नाही. अशा वेळी तिकीट गाडी जिथून सुटते तिथून, म्हणजे मुंबईपासून काढा आणि बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्टेशन, भुसावळ टाका. थोडे पैसे जास्त जातात, पण ते सार्थकी लागतात. आरएसी (कोणी रद्द केलं तर पूर्ण बर्थ मिळणारं तिकीट) असेल तर गाडीत बसता येतं, बाजूचा खालचा बर्थ दोघांत वाटून. मात्र ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट, म्हणजे प्रवाशांची यादी लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. ते घेऊन गाडीत चढू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. निबंधाचा निकाल लागायची वाट न बघता तिकीट काढा, नाही जमलं तर रद्द करता येतं.

उतरायचं स्टेशनही नीट बघा. आयआयटी खरगपूर कोलकात्याजवळ म्हणून थेट हावड्याचं तिकीट काढणारे भेटतात. मग तिथून सुमारे ११५ किलोमीटर उलटं यावं लागतं. काही गाड्या खरगपूरला न जाता शेजारच्या हिजलीला थांबतात, तेही चालतं. बंगळुरूला आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) जाणाऱ्यांना यशवंतपूर जवळ पडतं.

भाषणाच्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी धरू नका. लांबच्या गाडीला पाच-सहा तास उशीर होणं नवं नाही. एक दिवस आधी पोचा.

पोस्टर ए-० आकाराचं असेल तर नळी ८४ सेंटीमीटरपेक्षा लांब होते. ती सीटखाली ठेवली की येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागतात, आणि वरच्या बर्थवर ठेवली की उतरताना विसरते. नळी बॅगेच्या पट्ट्याला बांधून टाका. शक्य असेल तर पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून साडीसारखं बॅगेत बसतं. स्लाइड्समध्ये मराठी मजकूर असेल तर पीडीएफ नक्की करा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फॉन्ट बदलला की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

ओळखपत्र मूळच ठेवा, झेरॉक्स चालत नाही. पॉवर बँक रात्री लागते, कारण बऱ्याच गाड्यांत ११ नंतर चार्जिंग बंद करतात. कोणी त्रास दिला तर ‘कशाला उगाच’ म्हणत गप्प बसू नका, रेल्वेची हेल्पलाइन १३९ लावा. आपला डबा आणि बर्थ नंबर पाठ असू द्या. घाईत तिकीट शोधायला वेळ नसतो.

खरगपूरला हावडा मेल पहाटे येते, तेव्हा गजर लावूनच झोपा. अंधारात उतरलात तर लगेच बाहेर पडू नका. वेटिंग रूममध्ये बसा, तोंड धुवा, घरी फोन करा. उजाडलं की बाहेर टोटो, म्हणजे ई-रिक्षा मिळतात.