पंचवीस तासांनंतरचं ऑइल

विमानाच्या इंजिनाचं ऑइल बदलायच्या दिवशी आधी अर्धा तास उडून यायचं. गरम ऑइल पातळ असतं, गाळ त्यात तरंगत असतो आणि सगळं एका धारेत खाली येतं. थंड इंजिनाचं काढलं तर घाण आतच बसून राहते, आणि वरून नवं ऑइल ओतून आपण आपलीच समजूत काढतो. मिरजेजवळ आमच्या मळ्यात किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. उसाला पाणी पाजून झालं की इंजिन गरम असतानाच वडील त्याचा बोल्ट सोडायचे. तेव्हा मी फक्त डबा धरायला असायचो. आता ओहायोत हँगरमध्ये तोच डबा स्वतः धरून स्वतःच बोल्ट सोडतो. फरक एवढाच, की इंजिनाच्या पुढे प्रोपेलर आहे.

माझं विमान १९४६ सालचं एरोन्का चॅम्प, मॉडेल ७एसी. ते ज्या मिडलटाउनच्या कारखान्यात बनलं, तिथून तासाभराच्या अंतरावर आज उभं असतं. म्हणजे माहेर जवळच. पुढे-मागे दोन सीट, कापडाचं अंग, आणि कॉन्टिनेंटलचं ए-६५ इंजिन: समोरासमोर चार सिलिंडर, १७१ घन इंच म्हणजे २.८ लिटर, आणि एवढ्या ऐवजातून ६५ अश्वशक्ती. स्टार्टर नाही, बॅटरी नाही, जनरेटर नाही. प्लगला ठिणगी दोन मॅग्नेटो (फिरता फिरता स्वतःच वीज तयार करणारी यंत्रं) देतात आणि सुरुवात आपला हात: प्रोपेलर हाताने ओढायचा. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतून ज्यांनी पुष्पक पाहिलंय, त्यांना चॅम्प पाहून ओळखीचं वाटेल. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं पुष्पक १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. ते एरोन्का चीफच्या वळणावर बेतलेलं होतं आणि चीफ म्हणजे चॅम्पचं सख्खं भावंड. त्यात इंजिनही याच घराण्यातलं, फक्त ९० अश्वशक्तीचं.

अमेरिकेत विमानाच्या मालकाकडे पायलटचं लायसन्स असेल तर ठराविक कामं त्याला स्वतः करता येतात. विमानांच्या देखभालीच्या सरकारी नियमांत, पार्ट ४३ च्या परिशिष्ट 'ए' मध्ये, त्यांची यादीच आहे: ऑइल, प्लग, टायर, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस, सेफ्टी वायर (आटे सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार). यादीबाहेरचं काही असलं तर मी मेकॅनिकना बोलावतो. ते सत्तरीच्या पुढचे आहेत, बोलतात कमी आणि पाना हातात घेण्याआधी बराच वेळ नुसते बघतात. खाली लिहिलेलं त्यांच्याकडूनच शिकलोय. तुमच्या देशात नियम वेगळे असतील, तर सही करणाऱ्या माणसाला विचारूनच हात लावा.

प्रोपेलरला हात लावण्याआधी मॅग्नेटोचं स्विच ऑफ आहे का बघायचं आणि तरीही ते ऑन आहे असंच समजून वागायचं. स्विचपासून मॅग्नेटोपर्यंत जाणारी अर्थिंगची वायर तुटली, तर पॅनेलवर 'ऑफ' दिसतं आणि मॅग्नेटो जिवंत असतो. त्यासाठी इंजिन बंद करण्याआधी अगदी हळू फिरत असताना क्षणभर स्विच ऑफ करून बघतो. इंजिन मरायला लागलं पाहिजे. चालूच राहिलं, तर त्या दिवशी विमानापुढे कुणी उभं राहायचं नाही.

आता ऑइल. ए-६५ च्या पोटाखाली ऑइलची टाकी लटकलेली असते. तळाचा प्लग सोडायचा, पहिली धार जाऊ द्यायची आणि मधल्या धारेतून तपासणीची छोटी बाटली भरून घ्यायची. लॅबकडून लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं किती आलं ते कळतं. एका आकड्यावरून काही ठरवू नका. मागच्या चार-पाच आकड्यांशेजारी तो ठेवला तरच बोलतो.

या इंजिनाला फिल्टर नाही. आहे ती फक्त जाळी, इंजिनाच्या मागच्या डब्यात म्हणजे ऍक्सेसरी केसमध्ये, षटकोनी डोक्याच्या टोपणाआड. म्हणून फिल्टरवाल्या इंजिनांची पन्नास तासांची चैन इथे नाही, दर २५ तासांनी ऑइल. टोपणाची सेफ्टी वायर कापायची, तुकडे मोजून खिशात टाकायचे, कारण एखादा खाली राहिला तर तो टायरमध्ये नाहीतर बोटात सापडतो. जाळी बाहेर काढली की सरळ धुऊन टाकू नका. मी ती पांढऱ्या कॉफी-फिल्टरवर मिनरल स्पिरिटने हलकेच धुतो आणि कागद उन्हात धरतो. काळे कण दिसले तर आधी चिमटीत चुरडून बघायचे. चुरडले तर कार्बन, सोडून द्या. चुरडले नाहीत तर लोहचुंबक फिरवायचा. चिकटले तर पोलाद, म्हणजे टॅपेट, गिअर, कॅम असलं काहीतरी. चिकटले नाहीत आणि चमकले, तर ॲल्युमिनियम किंवा ब्राँझ. एखादा केसाएवढा तुकडा मी कागदासकट पाकिटात घालून तारीख लिहून ठेवतो. तसे चमचाभर निघाले, तर विमान हँगरबाहेर काढायचं नाही.

जाळी परत बसवताना तांब्याचा वायसर नवा घालायचा. मग सेफ्टी वायर, आणि इथे घाई नको. जाडी ०.०३२ इंच, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर. भोकातून ओवून दोन्ही टोकं पक्कडीने पिळायची, इंचाला सहा ते आठ पीळ. कमी पडले तर वायर सैल, जास्त झाले तर ताठ होऊन तुटते. वायरचा ओढा नेहमी आटे आवळायच्या दिशेने हवा. माझी पहिली वायर दिसायला अगदी दागिन्यासारखी झाली होती. मेकॅनिकनी ती बोटाने दाबली, टोपण सैल होण्याच्या बाजूला ओढत होती. त्यांनी न बोलता कटर माझ्या हातात दिला.

नवं ऑइल ओततानाही एक मोह आवरायचा. टाकी चार क्वार्टची, म्हणजे ३.८ लिटर. काठोकाठ भरलं की शेवटचा पाव-अर्धा लिटर ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून) उडून पोटाखालच्या कापडावर पसरतो. मी साडेतीन क्वार्टवर थांबतो. उन्हाळ्यात ८० ग्रेड, थंडीत त्याहून पातळ. ओहायोच्या जानेवारीत आधी इंजिन गरम केल्याशिवाय प्रोपेलर ओढायचाच नाही. ऑइल मधासारखं झालेलं असतं.

स्पार्क प्लग आठ. प्रत्येक सिलिंडरला एक वर, एक खाली. फळीला आठ भोकं पाडून मी ट्रे केलाय, भोकाशेजारी सिलिंडरचा नंबर लिहिलेला. वरचे प्लग बहुतेक कोरडे आणि तपकिरी निघतात. खालच्यांची अवस्था बघवत नाही: खोबणीत मोहरीएवढे राखाडी मणी. ते शिसं आहे. हे इंजिन ७३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेलं. त्याच्या बरोबरीच्या इंजिनांना पुढे मिळत असलेल्या ८०/८७ पेट्रोलमध्ये लिटरला ०.१४ ग्रॅमपर्यंत शिसं असायचं. आजच्या विमानाच्या पेट्रोलमध्ये, १००एलएल मध्ये, ०.५६ पर्यंत असतं. नावात 'लो लेड' आहे, पण या म्हाताऱ्या इंजिनासाठी ते चौपट. त्यात माझ्या स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरचं मिक्स्चर (पेट्रोल आणि हवेचं प्रमाण) 'रिच'वर, म्हणजे जास्त पेट्रोलवर, वायरने बांधून टाकलेलं आहे, म्हणजे पातळ करून शिसं जाळायची सोयही नाही.

मणी टोकदार, कंप पावणाऱ्या हत्याराने काढायचे. चिनी मातीच्या भागाला टोचायचं नाही. गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, ०.०१६ ते ०.०२१ इंच. गॅप नेहमी कमीच करता येतो, वाढवायला जाऊ नका. आणि दाबताना फट मोजायचं गेज मध्ये ठेवू नका, आतली माती तडकते आणि ते बाहेरून दिसतही नाही. मल्टिमीटरवर ५ हजार ओहमच्या वर दाखवलं तर प्लग बाद. हातातून फरशीवर पडलेला प्लगही बाद, कितीही नवा असो. परवाच मी एक असा टाकला आणि त्याची किंमत आठवून जेवताना गप्प होतो. बसवताना नवे वायसर, पहिला आटा सोडून अँटि-सीझचा (आटे चिकटू न देणाऱ्या मलमाचा) ठिपका, आधी बोटांनी शेवटपर्यंत आणि मग आवळायचा जोर मोजणारा टॉर्क पाना, २५ ते ३० फूट-पाउंड. खालचे वर, वरचे खाली.

शिशाचा त्रास कमी करायला मी बिनशिशाचं, बिनइथेनॉलचं गाडीचं पेट्रोल वापरतो. त्यासाठी इंजिन आणि विमान दोन्हींच्या नावाने परवानगीचा कागद लागतो, तो घेतलाय. पण पंपावरच्या पाटीवर विश्वास ठेवू नका. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, वर पेट्रोल ओता, हलवा आणि उभं ठेवा. पाण्याची रेघ खुणेच्या वर सरकली तर इथेनॉल पाण्यात उतरलंय. एका पंपावर मोठ्या अक्षरात 'इथेनॉल नाही' लिहिलं होतं. घरी येऊन नळी भरली, तर रेघ बोटभर वर. ते पेट्रोल गवत कापायच्या मशीनला गेलं.

वर्षातून एकदा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती धरून ठेवतं ते बघायचं. हे मेकॅनिकसोबतच, कारण सिलिंडरमध्ये ८० पीएसआयची हवा सोडली की प्रोपेलर घट्ट धरायला एक भरवशाचा माणूस लागतो. सुटला तर हात मोडतो. हवा कुठून गळते ते कानाने ऐकायचं. एक्झॉस्टच्या नळीत फुसफुस, तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. कार्ब्युरेटरकडून, तर इनटेक. ऑइलच्या तोंडातून, तर रिंगा. तीन वर्षांपूर्वी माझ्या तीन नंबरला ८० पैकी ५४ आले, बाकी तिघांना सत्तरच्या वर. एक्झॉस्टमध्ये सापासारखा फुत्कार. मी मनात सिलिंडर उतरवलासुद्धा, खर्चाचा आकडाही लावला. मेकॅनिक म्हणाले, "एक तास उडून ये." आलो. गरम गरम परत लावलं, ७१. वॉल्व्हच्या बैठकीवर कार्बनचा कपचा अडकला होता, तो उडून गेला. मग बोअरस्कोपने (सिलिंडरच्या आत बघायच्या बारीक कॅमेऱ्याने) वॉल्व्हचं तोंडही पाहिलं. चांगल्या वॉल्व्हवर रंगाची वर्तुळं मधोमध असतात. जळायला लागलेला वॉल्व्ह भाकरी एका कडेला करपावी तसा दिसतो. आमची भाकरी चांगली होती. सिलिंडर उतरवणं हे ऑपरेशन आहे. दुखणं नक्की कळल्याशिवाय पोट फाडायचं नाही.

एक्झॉस्टच्या नळ्यांवरचं पत्र्याचं आवरण त्याच दिवशी काढायचं. त्यातूनच केबिनला आणि कार्ब्युरेटरला गरम हवा येते. नळीला चीर असेल तर कार्बन मोनॉक्साइड सरळ आपल्या मांडीवर, आणि त्याला वास नसतो. व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू नळीच्या तोंडाला लावा आणि सगळीकडे साबणाचं पाणी फवारा. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसंच. सांध्यावर थोडे बुडबुडे चालतात, पत्र्याच्या मधोमध एकही नाही.

कार्ब्युरेटरबद्दल एवढंच: खाली पेट्रोलचा डाग दिसला तर नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय. विमान उभं करताना पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय लावा.

विमान उभं असताना लाकडी प्रोपेलर आडवा ठेवायचा. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि एक बाजू जड होते. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि बोल्ट सैल पडतात, म्हणून ऋतू पालटला की टॉर्क तपासायचा, प्रोपेलरवाल्यानेच दिलेल्या आकड्याने. हाताला वाटतं म्हणून जास्त आवळाल तर लाकडाचे तंतू चिरडतात.

सुट्या भागांची गोष्ट निराळी. जुलैअखेर ऑशकॉशच्या विमानांच्या मेळ्यात जुन्या मालाच्या टेबलांवर टॅपेट, मॅग्नेटोचे गिअर, ऑइलच्या टाक्या मांडलेल्या असतात, आणि चोरबाजारात हिंडल्याचा आनंद मिळतो. पण ज्यावर पार्ट नंबर नाही आणि ज्यासोबत भाग वापरण्याजोगा असल्याची पिवळी चिठ्ठी नाही, तो कितीही चकचकीत असो, शोकेससाठी घ्या. माझ्याकडे असा एक सुंदर मॅग्नेटो आहे. पुस्तकांच्या कपाटात.

सगळं बंद करण्याआधी इंजिन दहा मिनिटं चालवायचं. ऑइल प्रेशर अर्ध्या मिनिटात वर आलं पाहिजे, चालताना ३० ते ३५ पीएसआय. एकेक मॅग्नेटो बंद करून आरपीएम किती पडतो ते पाहायचं, ७५ च्या आत हवा. कार्ब हीट ओढली, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा सोडली, की आरपीएम उतरला पाहिजे, नाहीतर गरम हवा पोचतच नाही. मग इंजिन बंद करून टॉर्चच्या उजेडात जाळीच्या टोपणाखाली, ऑइलच्या प्लगखाली, प्रत्येक स्पार्क प्लगशी बघायचं. कोरडं असेल तरच काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) लावायचं.

मग हात पुसून लॉगबुक. काय केलं, तारीख, सही, लायसन्सचा नंबर. त्याखाली मी स्वतःसाठी एक ओळ लिहितो. परवाची अशी: जाळीत कार्बनच, चुंबकाला काही नाही. चार नंबरच्या खालच्या प्लगमध्ये तीन मणी, गेल्या वेळी सात होते.