लॅमिनेशन मशीन घेताय? आधी पाऊच ठरवा, आणि या चुका टाळा

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात ‘लॅमिनेशन मशीन दाखवा’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ए-४ की ए-३? शाळेचे बाबू बहुधा ए-३ म्हणतात. मोठी घेतलेली बरी, असा हिशेब. रुंदी बघावीच, पण पुढे रोज डोकं खाते ती पाऊचची, म्हणजे कागद आत घालायच्या दुपदरी प्लास्टिक फिल्मची जाडी, आणि ती कोणी विचारत नाही.

पाऊचच्या पाकिटावर लिहिलेला मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) सहसा एका बाजूचा असतो. १२५ मायक्रॉनचा पाऊच म्हणजे दोन्ही बाजू मिळून २५०, त्यात साध्या कागदाचे साधारण १००; झाले ०.३५ मिमी. ओळखपत्रासाठी २५० चा पाऊच आणि आत ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) जाड कार्ड घातलं की तेच ०.८५ मिमीच्या आसपास जातं. १२५ पर्यंतच चालणाऱ्या लहान प्लास्टिक बॉडीच्या मशीनला हे झेपत नाही. रोलरची उष्णता आतल्या गोंदापर्यंत पुरेशी पोचत नाही, पाऊच पांढुरका निघतो किंवा मध्येच अडकतो. म्हणून आधी कोणता पाऊच लागणार ते ठरवा, मग तेवढे मायक्रॉन पेलणारं, चार रोलरचं आणि तापमान कमी-जास्त करता येणारं मशीन बघा.

रुंदीचं सोपं आहे. ए-४ मशीनचं तोंड साधारण २३० मिमी असतं, त्यात लीगल कागदही जातो. भिंतीवरचे तक्ते, वेळापत्रकं ए-३ वर छापत असाल तरच ३३० मिमीचं घ्या. ड्रॉइंग शीटचे मोठे तक्ते त्यातही बसत नाहीत. ते रोल लॅमिनेशनवाल्याकडेच द्या.

वेगाचा हिशेब खरेदीआधी कागदावर मांडावा. समजा ८०० ओळखपत्रं आहेत आणि मशीन मिनिटाला ४०० मिमी ओढतं. ६५ × ९५ मिमीचे तीन पाऊच शेजारी-शेजारी, दोन ओळींमध्ये थोडं अंतर ठेवून घातले, तर मिनिटाला दहा कार्डं. म्हणजे नुसते मशीनचे ८० मिनिटं. पाऊच भरायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे दुप्पट वेगाच्या मशीनला जादा पैसे मोजण्यापेक्षा कार्डं भरायला दोन माणसं बसवा.

मशीन चांगलं, तरी बुडबुडे का?

बऱ्याचदा दोष कागदाच्या ओलाव्याचा असतो. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात आणि ओळखपत्रांची घाई नेमकी पावसाच्या पहिल्या दमट दिवसांत येते. उन्हाळ्यात तर आपण ओलावा हाताने घरात आणतो. मे महिन्यात ऑफिसात कूलर धडधडत असतो आणि कागदाचा उघडा रिम त्याच्या झोताखालच्या टेबलावर. कागद ओलावा ओढतो, गरम रोलरमध्ये त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला जागा नसते, आणि फोड उठतात. त्यात तोच झोत मशीनवर आला की रोलर एका बाजूने थंड पडतो आणि पाऊचची एक कड धूसर राहते. मशीन कूलरच्या रेषेतून बाहेर ठेवा, रिम बंद ठेवा. इंकजेटची छपाई असेल तर ती पूर्ण वाळू द्या. पाऊचची पाकिटं टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. तिथल्या उन्हाळ्यात ती वाकतात, एकमेकांना चिकटतात.

बाकी खुणा ओळखायला सोप्या. सगळा पाऊच धूसर: तापमान कमी, नाहीतर तापायच्या आधीच सुरू केलंय. लाटा पडल्या: तापमान जास्त, १० अंश उतरवा. गडद छपाईवर चंदेरी ठिपके: तिथे गोंद नीट बसलेला नाही, थोडं वाढवा. बाहेर आलेला पाऊच गरम असताना ओढला तर तो वाकडाच राहतो. सपाट टेबलावर वजनाखाली मिनिटभर ठेवा. सेटिंग बदललं की पहिला पाऊच रद्दी कागदाचा घाला.

अडकण्याची कारणं ठरलेली आहेत. पाऊचची बंद कड आधी आत गेली पाहिजे. उघडी कड पुढे घातली की फिल्म उलगडून रोलरला गुंडाळते. मोठ्या पाऊचमध्ये इवलासा कागद घालणं किंवा पाऊच आधीच कापून घालणं यानेही गोंद बाहेर येतो आणि रोलरवर बसतो. कागदाभोवती चारही बाजूंनी ३ ते ५ मिमी फिल्म सोडा, कापायचं ते नंतर, आणि तेव्हाही कड उरू द्या. रोलरवर गोंद दिसला तर मशीन कोमट असताना जाडसर कोरा कागद दोन-तीनदा फिरवा. ब्लेडने खरवडलं तर सिलिकॉनवर ओरखडा पडतो, आणि तो पुढच्या प्रत्येक पाऊचवर उमटतो.

मशीन कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ए-३ मशीनचा हीटर ५००-६०० वॅट सहज खातो. लाइन गेली की पाऊच तापलेल्या रोलरमध्ये थांबून चिकटतो. म्हणून रोलर सैल करणारा खटका कुठे आहे, हे दुकानातच दाखवून घ्या. काम संपलं की बटण थेट बंद न करता ‘कोल्ड’वर दहा-पंधरा मिनिटं रोलर फिरू द्या. तापलेला रोलर एकाच जागी दाबून राहिला तर चपटा होतो.

आणि काय लॅमिनेट करू नये? बसचं तिकीट, बिलाची पावती हा थर्मल कागद, गरम रोलरमधून काळाच बाहेर येतो. मूळ टीसी, मार्कशीट यांनाही हात लावू नका. त्यावर नंतर सही-शिक्का घेता येत नाही आणि फिल्म काढताना कागद सोलून येतो. रंगीत झेरॉक्स काढून ती लॅमिनेट करा, मूळ प्रत फोल्डरमध्ये ठेवा.