मेनूतून दरपत्रक जुनंच उघडत असेल तर

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या दुकानाची वर्डप्रेस साइट. नवी पीडीएफ चढवली, तरी मेनूतलं 'दरपत्रक' दाबलं की जुनेच भाव! त्याच नावाची फाइल पुन्हा चढवली की वर्डप्रेस जुनी पुसत नाही, नवीच्या नावामागे '-१' लावतं. महिना बदलला असेल तर बहुधा फोल्डरच वेगळं. मेनू मात्र जुन्याच पत्त्यावर.

मीडिया लायब्ररीतून नव्या फाइलची यूआरएल (वेबपत्ता) कॉपी केली, अपिअरन्समधल्या मेनूजमध्ये 'दरपत्रक'च्या कस्टम लिंकच्या यूआरएल रकान्यात चिकटवली, सेव्ह मेनू. दरपत्रक नव्या टॅबमध्ये उघडायचं असेल आणि तो पर्याय दिसत नसेल तर वर स्क्रीन ऑप्शन्समध्ये 'लिंक टार्गेट'वर खूण करा.

जुनी फाइल काढूनच टाका, नाहीतर गिऱ्हाईक जुना भाव दाखवून अडून बसतं. फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत ठेवा. लिनक्स सर्व्हरवर लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडला तरी ४०४ ('सापडत नाही' ही चूक) येतो.