शाळेच्या भिंतीवर संत रंगवण्याआधी

आमच्या जळगाव भागात नव्या चित्रकाराला भित्तिचित्राचं काम मिळतं ते शाळेचं, नाहीतर ग्रामपंचायतीचं. आणि विषय बहुधा संतच.

माझं पहिलं मोठं काम मुक्ताईनगरजवळच्या एका शाळेचं. वाघावर बसलेले चांगदेव, हातात सापाचा आसूड, समोरून भिंतीवर बसून येणारी चार भावंडं. कॅलेंडर समोर ठेवून मी मुक्ताबाई रंगवली. परांचीखाली उभ्या एका आजींनी विचारलं, "भाऊ, आमची मुक्ताई एवढी मोठी कधी झाली?" मी गप्पच झालो. परंपरेनुसार तिचा जन्म १२७९ चा, १२९७ मध्ये ती तापीकाठी गुप्त झाली. उभं आयुष्य जेमतेम अठरा वर्षांचं, आणि मी काढली होती चाळिशीची बाई! चेहरा खरवडला. हनुवटी लहान केली, गाल भरले, डोळ्यांत हट्ट ठेवला. तेव्हा कुठे ती चांगदेवांना सुनावणारी पोर दिसू लागली.

दुसरं काम सर्वधर्माच्या भिंतीचं. तिथे पैगंबरांची आकृती काढायचा आग्रह झाला, तर नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. बहुतेक मुस्लिमांना ती मान्य नसते. सुलेखन आणि भौमितिक नक्षी घ्या; मजकूर मात्र अरबी वाचणाऱ्याकडून तपासून घ्याच. आकृतीवाचून श्रद्धा दाखवता येते, हे बघायला लांब जायला नको. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या जुन्या चित्रात बुद्धाची आकृती नाही, लोक बोधिवृक्षाची पूजा करताहेत.

सार्जंट या अमेरिकन चित्रकाराचं उदाहरण मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. बॉस्टनच्या सार्वजनिक वाचनालयात त्याने १८९५ मध्ये बायबलमधल्या प्रेषितांची रांग लावली, मधोमध मोझेस. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण १९१९ मध्ये त्याच दालनात त्याने ज्यू धर्म डोळे बांधलेल्या, मुकुट ढळलेल्या स्त्रीच्या रूपात दाखवला आणि ज्यू समाज दुखावला. येशूच्या प्रवचनाच्या चित्रासाठी ठेवलेली मुख्य जागा शेवटपर्यंत कोरीच राहिली. देवळातलं चित्र भाविक बघतो. वाचनालयाच्या भिंतीखालून सगळ्यांना जावं लागतं.

भिंतीचं थोडक्यात: ओल आणि खार असेल तर रंग लावूच नका. काळ्या मातीवरच्या इमारतींना उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या आधी भरून घ्या.

आणि कच्चं रेखाटन आठ दिवस शाळेच्या फाटकाशी लावा. आजी लोकांना थांबून बघू द्या.