डॅगरबोर्ड दुरुस्त करताना या चुका टाळा

उन्हाळ्यात गोसीखुर्द धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात. दिसणाऱ्या खुंटाची भीती नसते, हातभर पाण्याखालचा खुंट घात करतो. आमच्या शिडाच्या होडीचा डॅगरबोर्ड, म्हणजे होडीखाली पाण्यात सोडलेला पाट, असाच आपटला आणि त्याचं खालचं टोक फाटलं. जाळं टाकणारे ढिवर काका आदल्याच दिवशी म्हणाले होते, "तिकडं खुंट हाये भाऊ, पाट वर घेऊन जा." ज्यांची जाळी रोज अडकतात, त्यांना तळ पाठ असतो. होडी सोडण्याआधी त्यांना विचारा.

वारा होडीला आडवं ढकलतो, ते थांबवण्यासाठी हा पाट खाचेतून सरळ पाण्यात सोडलेला असतो. काही होड्यांत याच कामाला सेंटरबोर्ड असतो, तो खिळीवर फिरतो, त्यामुळे धक्का बसला की मागे वळतो. डॅगरबोर्डला ती सोय नाही. तो अर्धा मार स्वतः खातो आणि उरलेला खाचेला देतो. तरी बहुतेक जण फक्त तुटलेलं टोक बघतात. होडी उलटी करा आणि खाचेच्या मागच्या कडेवर बोट फिरवा. तिथं केसासारखी भेग असेल तर आधी ती भरा, कारण तिथून पाणी थेट होडीत येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओला पाट बंद करणं. वरून हाताला कोरडा लागतो, पण आतलं सागवान किंवा फोम पाणी धरून असतो. वर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, चढवलं की ते पाणी आत कोंडतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रा सुटतो. नाण्यानं टकटक करत जा. जिथं आवाज बद्द येतो तिथं थर सुटलेला आहे, तेवढा भाग काढावाच लागेल. मग पाट सावलीत, दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवा आणि रोज पालटा. टिनाच्या छपरावर वाळत घातला तर वाकेल. रोज काट्यावर वजन करून भिंतीवर लिहा. सलग चार दिवस आकडा हलला नाही की पाट वाळला. आमच्या पाटाला अकरा दिवस लागले, तेही एप्रिलच्या कोरड्या हवेत. श्रावणात हे काम काढूच नका.

गावात सुतार पटकन लोखंडी पट्टी ठोकून देतो. नको म्हणा, प्रत्येक खिळा पाण्याला वाट करून देतो. नळाच्या गळतीची पुट्टी आणि पांढरा सुतारी गोंदही इथं टिकत नाही. टोक नवं बसवायचं असेल तर सागवानच घ्या, लाकडाच्या रेषा पाटाच्या लांबीत ठेवा आणि जोड तिरपा कापा, जाडीच्या आठपट लांब. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी जोड ॲसिटोननं पुसून घ्या. दुकानदार पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या तंतूंची चटईसारखी मॅट पुढे करील. सागवानाला पॉलिएस्टर नीट धरत नाही, आणि ती मॅट इपॉक्सीत नीट भिजत नाही. इपॉक्सी रेझिन आणि विणलेलं काचकापड मागा.

आता आपल्या उन्हाचं. दर १० अंशांना इपॉक्सीची कामाची वेळ साधारण निम्मी होते. २५ अंशांना वीस मिनिटं मिळत असतील तर मेअखेरच्या नवतप्यात, ४५ अंशांच्या आसपास, पाच-सहाच मिळतात. मी एकदा उंच ग्लासात रेझिन कालवलं. कापड कापेपर्यंत ग्लास तापला, धूर आला आणि बूड वितळलं. तेव्हापासून पसरट ताटलीत, थोडं थोडंच कालवतो. लवकर वाळावं म्हणून हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग, जास्त घालू नका. त्यानं इपॉक्सी लवकर वाळत नाही, कच्ची राहते. प्रमाण काट्यावर मोजा.

रेझिन लावायची वेळ कोणती? थंड म्हणून पहाट निवडाल, तर तीही चूकच. दिवस तापत जातो तशी लाकडातली हवा फुगते आणि थरात बुडबुडे उठतात. रात्री जेवण झाल्यावर बसा. पाट निवत असतो, त्यामुळे रेझिन आत ओढलं जातं. रात्र दमट असेल तर सकाळी वर तुपासारखा ओशट थर दिसेल. तो साध्या पाण्यानं घासून धुवा आणि मगच पॉलिश पेपर मारा. हातमोजे आणि मास्क घालूनच, लेकरांना दूर ठेवून.

आकार नजरेनं घडवू नका. पाटाच्या शाबूत बाजूचा पुठ्ठ्याचा साचा काढा आणि तोच दुसऱ्या बाजूवर उलटा लावून बघत घासा. पुढची कड गोल हवी. मागची कड सुरीसारखी धारदार करू नका, गोलही करू नका. दोनेक मिलिमीटरची चौकोनी ठेवा, नाहीतर वेगात पाट गुणगुणतो. रंग पातळच द्या. जाड थर खाचेत अडकतात.

शेवटी पाट रात्रभर पाण्याच्या टाक्यात दाबून ठेवा आणि सकाळी पुसून काट्यावर चढवा. वजन वाढलं असेल तर पाणी बहुधा पाटाला दोरी बांधायच्या भोकातून शिरतंय. ते भोक मोठं करा, इपॉक्सीनं पूर्ण भरा आणि वाळल्यावर मधोमध नव्यानं पाडा.