१९ जूनच्या आधी उरकायची कामं

टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये आमच्या गल्लीतला जूनटीन्थचा, म्हणजे १९ जूनला गुलामांच्या सुटकेची आठवण म्हणून साजरा होणाऱ्या सणाचा कार्यक्रम कोपऱ्यावरच्या आफ्रिकन-अमेरिकन आजी ठरवतात. आम्ही पाच-सहा मराठी घरं त्यांच्या हाताखाली असतो. नव्याने राहायला आलेली मंडळी दर वर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी वाचनाचा कागद. बर्फ, खुर्च्या, कोळसा यांच्या गडबडीत नेमका तोच राहतो. १९ जून १८६५ रोजी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात उत्तरेच्या सैन्याचे जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी काढलेला हुकूम क्रमांक ३ मोठ्या अक्षरांत छापून घ्या. लिंकन यांच्या जाहीरनाम्याने टेक्सासमधले गुलाम १ जानेवारी १८६३ लाच कागदोपत्री सुटले होते. तो बजावायला सैन्य येईपर्यंत अडीच वर्षं गेली, आणि तोवर सुमारे अडीच लाख माणसं राबतच राहिली. सगळे गुलाम मुक्त आहेत, आणि माजी मालक व माजी गुलाम यांना व्यक्ती म्हणून आणि मालमत्तेबाबत अगदी सारखे हक्क आहेत, ही हुकमाची सुरुवात ऐकायला सगळ्यांनाच आवडते. पुढे मात्र सुटलेल्यांना बजावलंय की आहात तिथेच निमूट राहा, मजुरीवर काम करा, लष्करी तळांवर जमू नका, रिकामं बसलात तर कोणी पोसणार नाही. सणात विरस नको म्हणून एका वर्षी मी हा भाग गाळून छापला. आजींनी कागद उलटून पाठची बाजू पाहिली आणि विचारलं, बाकीचा कुठे आहे? तेव्हापासून पूर्ण छापते. वाचायला शाळकरी मूल निवडणार असाल तर आठवडाभर आधी त्याच्या हातात द्या.

पार्कातल्या जागेचा अर्ज दोन-तीन महिने आधीच टाका. शनिवार-रविवार धरून आला तर जागा मिळत नाही. फॉर्म भरताना कंटाळा येतो खरा. पण याच शहरात या सणासाठी सार्वजनिक जागा मिळेना, तेव्हा १८७२ मध्ये जॅक येट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी पुढाकार घेतला आणि नुकत्याच सुटलेल्या लोकांनी वर्गणी काढून १० एकर जमीन विकत घेतली. थर्ड वॉर्डमधलं इमॅन्सिपेशन पार्क ते हेच. मुलांना कार्यक्रमाआधी एकदा तिथे फिरवून आणा.

आपल्यापैकी कोणाला बोलायला सांगितलं तर विषय शोधत बसू नका. ती जमीन घेतल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना सोडवण्यासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल. दोन मिनिटांत हे सांगायचं आणि खाली बसायचं. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आजी म्हणाल्या, म्हणजे अर्पण सोडवणाऱ्यांना, सुटणाऱ्यांना नाही. उत्तर तयार ठेवा. माझं अजून झालेलं नाही. आणि ढोल-ताशाची सूचना दर वर्षी कोणीतरी करतं, ती दर वर्षी आपल्यातच मोडून काढावी लागते. त्यांच्या अंगणात आपण पाहुणे.

लाल सरबत मात्र आपल्याकडे आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. या दिवशी खाण्यापिण्यात लाल रंग हवाच. सांडलेल्या रक्ताची ती आठवण, असं इथे सांगतात. कलिंगड, लाल सॉसेज, लाल केक आणि लाल पेय. बाटलीतला लाल सोडा चालतो, पण पश्चिम आफ्रिकेत पितात ते पेय म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. मेक्सिकन दुकानात ती वाळलेली बोंडं 'हमायका' नावाने मिळतात. एक वाटी बोंडं, आठ वाट्या पाणी, आल्याचा तुकडा, चार लवंगा. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून त्यात सगळं टाका आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. गाळून गरम असतानाच साखर घाला, लिंबू गार झाल्यावर. पातेलं स्टीलचंच घ्या. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो. आदल्या रात्रीच करा, आणि पांढरा कुडता त्या दिवशी घालू नका.

ब्रिस्केटची, म्हणजे धुरावर शिजवायच्या गोमांसाची, चिंता करू नका. ते काम आजींच्या मुलाचं. तो आदल्या रात्रीपासून धुराजवळ बसतो आणि कोणाला झाकण उघडू देत नाही. शाकाहारी घरांनी एवढं लक्षात ठेवावं की भाजीत किंवा बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराचं मांस शिजवलेलं असतं. रागावू नका, विचारा, आणि आपलं भांडं वेगळं ठेवून त्यावर चिठ्ठी लावा. चवळीची उसळ न्या. ही चवळी मुळात आफ्रिकेतली, त्यामुळे त्या टेबलावर ती परकी वाटत नाही. तिखट बेताचं.

झेंडा मागवताना नीट बघा. जूनटीन्थचा झेंडा लाल-निळा, मध्ये पांढरा तारा आणि त्याभोवती स्फोटासारखी किरणं. बेन हेथ यांनी तो १९९७ मध्ये तयार केला. लाल-काळा-हिरवा असतो तो पॅन-आफ्रिकन, म्हणजे जगभरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा. तोही लावतात, पण दुकानदार एक मागितला की दुसरा देतो.

उन्हाचं सांगायलाच नको, ३५ अंशांच्या वर जातं. माणशी दोन पौंड बर्फ धरा, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या झाडाखाली, आणि वाचन सकाळी दहाच्या आत.

झाकणांवर आणि डावांवर नाव लिहा. माझं मोठ्या पातेल्याचं झाकण दोन वर्षांपासून आजींकडे आहे, आणि तेवढ्यासाठी त्यांच्याकडे जायचं मी मुद्दाम लांबवतेय.